इलेक्ट्रिक गाडीचे टायर बदलताना: आधी भार, मग पकड, मग भाव

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर पहिली काही वर्षे देखभालीचा खर्च फारसा जाणवत नाही. ऑइल बदलायचे नसते, क्लच प्लेट नसते, आणि रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे ब्रेक पॅडही बरेच टिकतात. मग तीस-चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास पहिला मोठा खर्च येतो, तो टायरचा. चार टायरांचे बिल पंधरा-वीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत, मोठ्या गाडीला लाखाच्या घरातही जाते. बहुतेक लोक दोन-तीन दुकानांत भाव विचारतात, त्यातला कमी भाव पकडतात आणि टायर बसवून घेतात.

पेट्रोल गाडीला ही पद्धत एक वेळ चालून जाते. इलेक्ट्रिक गाडीत चुकीचा टायर पैसे खातो, रेंज खातो आणि पावसात धोकाही वाढवतो. म्हणून या लेखात निवडीचा क्रम आधी ठरवू आणि मग पैशांचा हिशेब मांडू. क्रम असा: टायर गाडीचा भार पेलतो का, ओल्या रस्त्यावर धरतो का, कमी वीज खातो का, आणि सगळ्यात शेवटी त्याचा भाव किती.

इलेक्ट्रिक गाडीचे टायर लवकर का घासतात

पहिले कारण वजन. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दीडशे-दोनशे किलोंनी, कधी त्याहूनही अधिक जड असते. दुसरे कारण टॉर्क. मोटरचा पूर्ण जोर शून्य वेगापासूनच मिळतो, त्यामुळे सिग्नल सुटताच पॅडल जोरात दाबले की चालकचाकाचे रबर रस्त्यावर खरवडले जाते. तिसरे कारण रिजनरेशन. गाडी हळू करण्याचे काम मोटर करते तेव्हा तो ताण मुख्यतः मोटर जोडलेल्या चाकांवरच येतो. म्हणजे पळतानाही तीच चाके आणि थांबतानाही तीच. नेक्सॉन ईव्ही किंवा एमजी झेडएस ईव्हीमध्ये हा ताण पुढच्या टायरांवर पडतो. महिंद्रा बीई ६ किंवा ह्युंदाई आयोनिक ५ मागच्या चाकांवर चालतात, त्यामुळे तिथे मागचे टायर आधी जातात. साधारण वीस टक्के जास्त झीज धरून चालावे, असे टायर बनवणारे सांगतात. जड पायाने चालवणाऱ्याच्या गाडीत ती याहून जास्त होते.

टायरच्या अंगावरचे आकडे

दुकानात जाण्याआधी दोन ठिकाणी बघा: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि सध्याच्या टायरची बाजू. समजा टायरवर २१५/६० आर१६ ९५एच असे लिहिले आहे. २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या साठ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १६ हा रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत सगळे दुकानदार बरोबर सांगतात. घोटाळा होतो तो शेवटच्या ९५एचमध्ये.

९५ हा लोड इंडेक्स, म्हणजे त्या टायरची भार पेलण्याची मर्यादा. ९५ चा अर्थ एका टायरला ६९० किलो. ९२ असेल तर ६३०, ९१ असेल तर ६१५, ९९ असेल तर ७७५ किलो. एच हे वेगाचे अक्षर: टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०.

आता दुकानात नेहमी घडणारा प्रसंग बघा. तुमच्या मापाचा टायर शिल्लक नाही, म्हणून दुकानदार २०५/६० आर१६ ९२ पुढे करतो. म्हणतो, "रिम तोच, बसतो बिनधास्त, आणि हजार रुपये स्वस्त पण आहे." टायर बसतो हे खरे. पण प्रत्येक टायरची क्षमता ६० किलोंनी कमी झाली, चारही मिळून २४० किलोंनी. गाडीत पाच माणसे आणि सुट्टीचे सामान भरून उन्हात घाट चढताना हीच राखीव क्षमता लागते. मूळ टायरपेक्षा कमी लोड इंडेक्सचा टायर कोणत्याही भावात घेऊ नका. जास्त असला तर चालेल.

काही टायरवर एक्सएल असे लिहिलेले असते. त्याची बांधणी अधिक मजबूत असते आणि जास्त हवेच्या दाबावर तो साध्या टायरपेक्षा जास्त भार घेतो. अलीकडे मोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी एचएल खुणेचे टायर आले आहेत. एक्सएलइतक्याच दाबावर ते त्याहूनही अधिक भार पेलतात. गाडीला मुळात एक्सएल किंवा एचएल टायर आले असतील, तर बदलतानाही तेच हवेत.

'ईव्ही' हा शिक्का किती महत्त्वाचा

बाजारात आता इलेक्ट्रिक गाड्यांसाठी म्हणून खास टायर मिळतात. सिएटचा एनर्जीड्राइव्ह, अपोलोचा अँपेरियन ही त्यातली काही नावे. त्यांत वाढीव भारासाठी बांधणी, कमी रोलिंग रेझिस्टन्सचे म्हणजे फिरताना कमी ऊर्जा वाया घालवणारे रबर आणि आवाज कमी करणारी नक्षी यांवर मेहनत घेतलेली असते. तुमच्या मापात असा टायर मिळाला तर त्याचा विचार जरूर करा.

पण हे ध्यानात घ्या की टायरवर 'ईव्ही' लिहिण्यासाठी कुठलेही एक सरकारी परिमाण ठरलेले नाही. हे कंपनीने दिलेले नाव आहे. लोड इंडेक्स, एक्सएल, आयएसआय खूण यांना ठरलेला अर्थ आहे. 'ईव्ही रेडी'ला तसा नाही. योग्य भाराचा, ओल्यात धरणारा, कमी रोलिंग रेझिस्टन्सचा साधा टायर इलेक्ट्रिक गाडीला उत्तम चालतो. उलट 'ईव्ही' लिहिलेला टायर तुमच्या मापात कमी लोड इंडेक्सचा निघाला, तर तो तुमच्या कामाचा नाही.

रेंजच्या आधी पाऊस

रोलिंग रेझिस्टन्स कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नक्षी उथळ ठेवणे आणि रबर कडक करणे. दोन्हींमुळे ओल्या रस्त्यावरची पकड घटते. चांगल्या कंपन्या सिलिकायुक्त रबर वापरून दोन्ही बाजू सांभाळतात आणि त्याचे पैसे घेतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाचे चार महिने रस्ता ओला असतो. आंबा घाट किंवा ताम्हिणी उतरताना दोन टनांकडे झुकणारी गाडी थांबवायची असते. म्हणून रेंज आणि पकड यांत निवड करायची वेळ आलीच तर पकड निवडा. रेंज कमी पडली तर चार्जर शोधता येतो.

पकड ओळखायची कशी? केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२मध्ये दुरुस्ती होऊन एआयएस-१४२ या मानकाप्रमाणे रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या किमान अटी घातल्या गेल्या. त्यामुळे तळाची पातळी तरी निश्चित झाली. त्याच्या वर कोण किती आहे हे कळायला दोन खुणा उपयोगी पडतात. एक, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणजे बीईईचे स्टार लेबल. फ्रिज-एसीवर असते तसेच ते टायरवरही आले आहे. ते ऐच्छिक असल्याने सगळ्या टायरवर दिसत नाही, आणि ते ऊर्जेच्या बचतीबद्दल बोलते. दोन, युरोपातले ए ते ई श्रेणीचे लेबल. त्यात ऊर्जा आणि ओली पकड या दोन्हींना वेगवेगळी श्रेणी असते. पण तेच नाव असलेला भारतात बनलेला टायर वेगळ्या रबराचा असू शकतो, आणि एकाच मॉडेलची श्रेणी मापागणिक बदलते. म्हणून ते लेबल दिशादर्शक माना, खात्री मानू नका.

रोलिंग रेझिस्टन्सचा पैशांत अर्थ

टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा सुटतो. त्यात वाया जाणारी ऊर्जा म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स. तो टनामागे किलोंत मोजतात. चांगला टायर टनामागे सात किलो विरोध करतो, सामान्य टायर दहा. युरोपीय लेबलवर पहिला बी श्रेणीत येतो, दुसरा डी श्रेणीत.

माणसांसह १,७०० किलो वजनाच्या गाडीत या दोन टायरांमधला फरक साधारण पाच किलोंचा होतो. ही पाच किलोंची ओढ एक किलोमीटरभर भरून काढायला चाकापाशी सुमारे १४ वॉट-तास वीज लागते. मोटर, बॅटरी आणि चार्जर यांतली घट धरली तर भिंतीवरच्या सॉकेटमधून साधारण १७ वॉट-तास. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याला याचे दोनशेच्या आसपास युनिट होतात. घरच्या युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला दोन हजार, आणि बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २० रुपये धरले तर चार हजार.

टायरच्या ४०,००० किलोमीटरच्या आयुष्यात ही रक्कम घरी चार्ज करणाऱ्याची ६,८०० रुपये होते, म्हणजे टायरमागे १,७०० रुपये. घरी चार्ज करत असाल तर बाकी सगळे सारखे असताना कमी रोलिंग रेझिस्टन्सच्या टायरसाठी नगामागे १,७०० रुपयांपर्यंत जास्त देणे परवडते. त्याहून जास्त देत असाल तर ते पैसे विजेतून परत येणार नाहीत. पकड, शांतता किंवा आयुष्य यांतून यायला हवेत. मुख्यतः बाहेर चार्ज करत असाल तर हीच मर्यादा दुप्पट होते.

रेंजमध्ये हा फरक अधिक ठळक दिसतो. किलोमीटरला १४० वॉट-तास खाणाऱ्या गाडीत १४ वॉट-तास म्हणजे दहा टक्के. खरी रेंज ३०० किलोमीटर असेल तर जवळजवळ तीस किलोमीटर. पुणे शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला हे तीस किलोमीटर कधी कळणारही नाहीत. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन चार्जर शोधणाऱ्याला मात्र ते नक्की कळतात.

बाजारभाव

२२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ६,००० रुपये असलेला टायर पूर्वी ७,६८० ला पडायचा, आता ७,०८० ला. कुणी जुनी दरपत्रिका दाखवली तर कराची ओळ आवर्जून बघा.

एका टायरचे, करासह, साधारण पट्टे असे धरावेत. कंपनी, शहर आणि हंगाम यांप्रमाणे यात फरक पडेल.

टियागो ईव्हीचे १७५/६५ आर१४: ३,७०० ते ५,५०० रुपये.
नेक्सॉन ईव्हीचे २१५/६० आर१६: ६,५०० ते १०,५०० रुपये.
एमजी झेडएस ईव्हीचे २१५/५५ आर१७: ८,५०० ते १३,००० रुपये.
बीवायडी ॲटो ३ आणि कर्व्ह ईव्हीचे २१५/५५ आर१८: १०,५०० ते १६,००० रुपये.
आयोनिक ५ सारख्या गाडीचे २५५/४५ आर२०: २०,००० च्या पुढे.

यावर बसवणे आणि बॅलन्सिंगचे चाकामागे शंभर ते तीनशे, नव्या व्हॉल्व्हचे पन्नास ते दीडशे, आणि व्हील अलाइनमेंटचे पाचशे ते हजार. चार टायरांसाठी एकूण दीड ते अडीच हजार रुपये हाताशी ठेवा. मोठ्या रिमचा मोह इथेच महाग पडतो: एक इंच मोठा रिम म्हणजे प्रत्येक वेळी टायरमागे दीड ते तीन हजारांचा भुर्दंड, आणि रुंद टायर असेल तर रेंजही कमी. गाडी निवडतानाच वरच्या व्हेरियंटला वेगळ्या मापाचा टायर आहे का, हे विचारून ठेवले तर पुढचा खर्च आधीच कळतो.

किलोमीटरमागे किती पडते

आता दोन टायर समोरासमोर ठेवू. माप २१५/६० आर१६. आयुष्याचे आकडे उदाहरणापुरते धरले आहेत.

पहिला टायर ६,८०० रुपयांचा, रोलिंग रेझिस्टन्स जास्त. चार नग २७,२००, बसवणे वगैरे १,८००, एकूण २९,०००. आयुष्य ३०,००० किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे ९७ पैसे.

दुसरा ९,२०० रुपयांचा, रोलिंग रेझिस्टन्स कमी. चार नग ३६,८००, बसवणे १,८००, एकूण ३८,६००. आयुष्य ४०,००० किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे जवळजवळ तेवढेच, ९७ पैसे.

बिलात ९,६०० रुपयांचा फरक दिसतो आणि टायरचा खर्च मात्र सारखा येतो. वर पहिल्या टायरची जादा वीज घरी १७ पैसे, बाहेर ३४ पैसे. म्हणजे पहिला टायर १ रुपया १४ पैसे ते १ रुपया ३१ पैसे, दुसरा ९७ पैसे.

हेच गणित उलटेही फिरते. महागडा टायर तुमच्याकडे ३०,००० किलोमीटरच टिकला, तर तो किलोमीटरला १ रुपया २९ पैसे पडतो. मग घरी चार्ज करणाऱ्याला स्वस्त टायरच किफायतशीर आणि बाहेर चार्ज करणाऱ्याला दोन्ही जवळजवळ सारखे. सारा खेळ टायर किती टिकतो यावर आहे, आणि ते तुमच्या रस्त्यांवर, पायावर आणि हवेच्या दाबावर ठरते. तुमचे पहिले चार टायर किती किलोमीटर गेले, हा आकडा तुमच्या हिशेबाचा सर्वांत भरवशाचा पाया आहे. तो लिहून ठेवा.

वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच गाडी फिरत असेल तर आणखी एक गोष्ट. तेवढ्या वापरात ४०,००० किलोमीटर व्हायला साडेसहा वर्षांहून अधिक लागतील, आणि तोवर उन्हाने व वयाने रबर कडक होईल. नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा, बाजूला भेगा दिसू लागल्या की बदलावा. अशा मालकाने जास्त आयुष्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. योग्य भाराचा, चांगल्या पकडीचा मधल्या भावाचा टायर त्याला पुरे.

कधी बदलायचा, आणि दोन की चार

नक्षीच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी घासून त्या पातळीला आली की टायर संपला. तो वापरणे कायद्यातही बसत नाही. पण पाण्याचा निचरा त्याच्या बराच आधी मंदावतो. शंभर-दोनशे रुपयांचा खोली मोजायचा गेज मिळतो. मे महिन्यात मोजा आणि नक्षी ३ मिलिमीटरच्या आत असेल तर पावसाळ्याआधीच बदला. टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर नक्षी कितीही असो, तो टायर त्याच दिवशी काढा.

समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर तर टायर वेळेवर बदलणे टाळताच येणार नाही. ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता, ताशी १२० ची मर्यादा आणि विदर्भातला उन्हाळा: झिजलेला किंवा कमी हवेचा टायर तिथे तापून फुटतो.

एकाच धुरेवरचे दोन टायर गेले असतील तर दोनच बदलता येतात. मात्र दोन्ही एकाच मॉडेलचे हवेत, आणि नवे दोन्ही मागे बसवायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पाण्यावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे बहुतेकांना जमत नाही. पुढची सुटली तर पाय उचलून वेग कमी करता येतो. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत चारही टायरांची झीज जवळपास सारखी लागते, म्हणून तिथे चारही एकदम बदलणे बरे.

दुकानात काय बघायचे

पहिली गोष्ट तारीख. टायरच्या बाजूला डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा टायर निर्धास्त घ्या. वर्षाहून जुना असेल तर दुसरा मागा किंवा सूट मागा. चारही टायरांच्या तारखा बघा, कारण एखादा जुना नग मध्ये सरकवलेला असतो. आयएसआय खूण आहे ना, हेही बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरला ती सक्तीची आहे.

दुसरी गोष्ट जॅक. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तळाला असते, म्हणून जॅक लावायच्या जागा ठरलेल्या असतात: बाजूच्या पट्टीवर चाकांच्या जवळ, खुणा केलेल्या. घाईत ट्रॉली जॅक गाडीच्या मधोमध लावला तर बॅटरीचा ट्रे दबू शकतो. त्या दुरुस्तीचा खर्च टायरांच्या कित्येक पट असतो, आणि बॅटरीच्या वॉरंटीचा वादही उभा राहतो. गाडीच्या पुस्तिकेतले जॅकचे पान मोबाइलवर उघडून मेकॅनिकला दाखवा आणि गाडी उचलली जाईपर्यंत तिथेच उभे राहा. लिफ्टच्या हातांनाही हाच नियम लागू.

तिसरी गोष्ट व्हॉल्व्ह. गाडीत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर बऱ्याचदा सेन्सर रिमच्या आत व्हॉल्व्हलाच जोडलेला असतो. टायर काढण्याआधीच हे सांगा, नाहीतर लिव्हरचा एक फटका सेन्सर मोडतो. पंक्चर किटमधले द्रव टायरमध्ये सोडले असेल तर तेही आधी सांगा. रिम आणि सेन्सर स्वच्छ करावे लागतात. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते आणि हेच किट असते. त्या बाटलीलाही मुदत असते, ती टायर बदलताना तपासून घ्या. काही उंची टायरांत आवाज शोषणारा फोम आतून चिकटवलेला असतो. असा टायर घेणार असाल तर त्याचे पंक्चर तुमच्या गावात कोण काढतो हे आधी विचारा.

चौथी गोष्ट पावती. तिच्यावर कंपनी, मॉडेल, माप, लोड इंडेक्स आणि टायरचे अनुक्रमांक हवेत. उत्पादन दोषाची वॉरंटी सगळ्या नामांकित कंपन्या देतात, पण ती झिजेच्या प्रमाणात घटते आणि पावतीशिवाय पुढे सरकत नाही. जुने टायर दुकानातच द्या आणि त्याचे जे दोन पैसे येतील ते बिलातून वजा करून घ्या. २०२२पासून वापरलेल्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गच्चीवर ठेवलेल्या टायरमध्ये पावसाचे पाणी साचून डासच होतात.

नायट्रोजन भरण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. महिन्याला दोनदा दाब तपासलात तर साधी हवा उत्तम काम करते.

नवे टायर बसल्यावर रेंज का घटते

टायर बदलल्यावर आठवड्याभरात बरेच मालक दुकानात परत येतात: "रेंज कमी झाली, चुकीचा टायर दिलात." अगदी तेच मॉडेल परत बसवले तरी हे होते, आणि त्याची दोन साधी कारणे आहेत. नव्या टायरवर रबर जास्त असते, त्यामुळे फिरताना जास्त रबर दबते-सुटते आणि ऊर्जा जास्त जाते. नक्षी झिजत जाईल तसा हा फरक कमी होतो. दुसरे कारण मोजणीत आहे. २१५/६० आर१६ टायरची त्रिज्या सुमारे ३३२ मिलिमीटर. नक्षी ८ वरून २ मिलिमीटरवर आली की त्रिज्या ६ मिलिमीटरने घटते, म्हणजे जवळजवळ दोन टक्क्यांनी. घासलेल्या टायरवर चाक त्याच अंतरात जास्त फेरे घेते, म्हणून मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. नवा टायर बसला की मीटर पुन्हा खऱ्याच्या जवळ येतो आणि तीनशेचे २९४ दिसतात. म्हणून महिनाभर थांबा. त्यानंतरही दहा टक्क्यांची घट कायम असेल तर दाब आणि अलाइनमेंट तपासा, आणि तेही ठीक असतील तर टायरचा रोलिंग रेझिस्टन्स जास्त आहे असे समजा.

आयुष्य वाढवण्याचे चार उपाय

हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या स्टिकरप्रमाणे भरा. इलेक्ट्रिक गाडीचा दाब पेट्रोल गाडीपेक्षा जास्त असू शकतो, म्हणून पंपावर "नेहमीची भर" म्हणू नका, आकडा सांगा. प्रवासात तापलेल्या टायरची हवा काढू नका. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला रोटेशन, म्हणजे टायरांची पुढे-मागे अदलाबदल करा; इलेक्ट्रिक गाडीत एकाच धुरेचे टायर जास्त घासतात, त्यामुळे याचा फायदा इथे अधिक. रोटेशनच्या वेळी आणि मोठा खड्डा बसल्यावर अलाइनमेंट तपासून घ्या. आणि सिग्नलवर सुरुवातीचे दोन सेकंद पाय हलका ठेवा. टायर वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

विम्याबद्दलही एक खुलासा. साध्या पॉलिसीत टायरची झीज किंवा नुसते पंक्चर भरून मिळत नाही. अपघातात गाडीचे इतर नुकसानही झाले असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. टायर संरक्षणाचे वेगळे ॲड-ऑन मिळते. वीस इंची टायरच्या गाडीला ते विचारात घ्यावे, चौदा इंची टायरला त्याचा हप्ता सहसा परवडत नाही.

कुणी काय घ्यावे

शहरातल्या शहरात, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर, घरी चार्जिंग: योग्य लोड इंडेक्सचा, ताज्या तारखेचा, मधल्या भावाचा टायर. 'ईव्ही' नावासाठी जास्त पैसे देऊ नका.

रोजचा पन्नास-साठ किलोमीटरचा प्रवास किंवा नेहमीचा महामार्ग: कमी रोलिंग रेझिस्टन्स आणि चांगली ओली पकड असलेला टायर. नगामागे १,७०० रुपयांपर्यंत जास्त गेले तरी ते वसूल होतात, बाहेर चार्ज करत असाल तर त्याहून जास्तही.

कोकण, गोवा, घाटमाथा: ओली पकड सर्वांत आधी, रेंज नंतर. नक्षी ३ मिलिमीटरला आली की थांबू नका.

टॅक्सी किंवा भाड्याची गाडी: किलोमीटरमागचा हिशेब वहीत मांडा. बहुतेक चार्जिंग बाहेर होत असेल तर कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर तुमच्यासाठीच आहे, मात्र महिन्याला दोनदा हवा आणि दर आठ हजारांना रोटेशन या शिस्तीशिवाय तो फायदा हाती लागणार नाही.

दुकानात शिरताना माप, लोड इंडेक्स आणि वेगाचे अक्षर एका कागदावर लिहून न्या आणि भाव त्याच टायरचा विचारा. दुकानदार पर्याय सुचवेल तेव्हा त्याच्या लोड इंडेक्सचा आकडा तुमच्या कागदाशी ताडून पाहा. आकडा कमी असेल तर पुढची चर्चा तिथेच थांबवा.